आर्वीत न मिळणारं औषध

विरामोल फोर्ट नावाचं औषध जगात कुठेही मिळत नाही. आर्वीत तर नाहीच नाही. तरीही मी जिथे पहिली नोकरी केली त्या दवाखान्यातून दर आठवड्याला चार-दोन नवरे ते आणायला निघायचे, गावातली यच्चयावत मेडिकल स्टोअर्स पालथी घालायचे आणि घामाघूम होऊन रिकाम्या हाताने परत यायचे. हा उद्योग आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी काढला होता, आणि गावातले सगळे औषधवाले त्यात सामील होते. एसटी डेपोसमोरचा दुकानदार चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन, चेहऱ्यावर हसू दिसू न देता म्हणायचा, "कालच संपलं भाऊ. बाजाराकडल्या दुकानात पाहून घ्या." बाजाराकडला म्हणायचा, "असते आपल्याकडे, पण सध्या शॉर्टेज हाये." तो तिसरीकडे पाठवायचा. तेवढ्या वेळात डॉक्टरांचं काम होऊन जायचं.

काम म्हणजे फक्त बाईला बोलू देणं. पण ते साधं नसतं हे मला तिथे गेल्यावर कळलं. बाई पेशंट आली की तिच्या वतीने सगळं घर बोलतं. तिला काय होतं, कधीपासून होतं, ती मुद्दाम कसं करते, हे नवरा सांगतो, सासू सांगते, कधी कधी शेजारीणही सांगते. "तुम्ही बाहेर बसा" म्हटलं तर नवरा पडद्याच्या पलीकडे जाऊन कान देऊन उभा राहतो. तेच त्याला औषध आणायला पाठवलं की मात्र मोठ्या अभिमानाने जातो. "माणसाले काम द्या, तो खूष राह्यते," डॉक्टर म्हणायचे. सासवांची व्यवस्था माझ्याकडे होती. मी देवळीची, नुकतीच फिजिओथेरपिस्ट झालेली. सलाइनची खोकी ठेवायची मागची खोली डॉक्टरांनी मला रिकामी करून दिली होती. जगात गुडघे न दुखणारी सासू नसते. डॉक्टर सासूबाईंच्या गुडघ्यांची अशी काही विचारपूस करायचे की ती बिचारी सुनेला विसरून माझ्यामागे यायची आणि शेक घेत बसायची. माझी प्रॅक्टिस या कारस्थानातून उभी राहिली.

डॉक्टर दिसायला काटक, उंच, नाकावर चष्मा आणि डोक्यावर आणखी एक चष्मा. डाव्या पायात बूट आणि उजव्या पायात चप्पल, कारण उजव्या पायाला भोवरी होती आणि एका पायासाठी दोन्ही पायांनी का सोसावं असा त्यांचा सवाल होता. दुपारी संत्रं सोलून ते मीठ लावून खायचे आणि साली कोटाच्या खिशात ठेवायचे. त्यामुळे खोकला घेऊन आलेल्या माणसालाही त्यांच्या शेजारी बसलं की बरं वाटायचं. चिडायचे भरपूर. औषध कंपनीचा माणूस आला की ते बाथरूममध्ये जाऊन बसत आणि तो गेल्याचं मी ओरडून सांगेपर्यंत बाहेर येत नसत.

त्यांच्या टेबलावर गर्भाशयाचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, विद्यार्थ्यांना शिकवायला असतं तसं. टेबलावर होतं म्हणजे असायला हवं होतं. रोज सकाळी ते भलत्याच ठिकाणी सापडायचं. कधी वजनकाट्यावर, कधी पंख्याच्या रेग्युलेटरवर टेकलेलं, एकदा तर माझ्या डब्याच्या पिशवीत. मी किंचाळले तेव्हा आतून शांत आवाज आला, "आज कुठं भटकतंय?" दोन महिने मी त्यांना चक्रम समजत होते. नंतर त्यांनी मला त्यामागची गोष्ट सांगितली. अर्थात मलाच नाही, दवाखान्यात बसलेल्या सगळ्यांना ते ती पुन्हा पुन्हा सांगायचे. वाट पाहणाऱ्या नातेवाइकांची शाळाच भरवायचे ते.

"फार जुन्या काळी," ते सुरुवात करत, "ग्रीक देशातले मोठेमोठे वैद्य मानत, का बाईचं गर्भाशय अंगात भटकत राह्यते. मोकाट जनावरासारखं. छातीपाशी गेलं का श्वास कोंडते, गळ्यापाशी गेलं का वाचा जाते. मंग त्याले जाग्यावर आणाचं कसं? नाकापाशी घाण वास द्याचा, म्हणजे ते वरून पळते. अन् खालून सुगंधी धुरी द्याची, म्हणजे ते खाली येते. हिस्टेरिया हे नावच त्या गर्भाशयावरून पडलं. अन् आपण शहाणे काय करतो? कांदा हुंगवतो. चप्पल हुंगवतो. मिरचीचा धूर देतो. दोन हजार वर्षं झाली, जनावर अजून हाकूनच राह्यलो आपण."

लोक हसायचे, बायका पदर तोंडाशी धरून हसायच्या. मग डॉक्टर आवाज खाली आणायचे. आपल्याकडच्या वैद्यांनी याला वायूचा कोप म्हटलं, कुठे भूतबाधा म्हणून बडवलं. युरोपात कधी चेटकीण म्हणून बायकांना टाचण्या टोचून पाहिलं. पुढे शिकलेले सर्जन आले, त्यांनी चांगल्या अंडाशयांवर सुरी चालवली. कोणी अंधाऱ्या खोलीत महिनोन् महिने निजवून ठेवलं, वाचायचं नाही, लिहायचं नाही, नुसतं दूध प्यायचं. पॅरिसमधल्या एका मोठ्या डॉक्टरने तर अशा बायकांना भर सभेत उभं करून त्यांचे झटके लोकांना दाखवले. "अन् सगळ्यात स्वस्त औषध कोणतं?" डॉक्टर विचारायचे. कोणीतरी म्हातारी हमखास उत्तर द्यायची, "लगन करून द्या." "बरोब्बर! लगन झालं असन तं मूल होऊ द्या. हे औषध ग्रीकांपासून आर्वीपर्यंत चालू हाये, अन् एकाही दुकानात त्याचं शॉर्टेज नाई." मग शेवटी ते महायुद्धावर यायचे. खंदकातले धडधाकट सोल्जर थरथर कापू लागले, मुके झाले, पाय लुळे पडले. "त्यांच्यात कुठलं आलं गर्भाशय? तेव्हा कुठं डॉक्टर लोकांची पंचाईत झाली!"

कपाटात कुलपात त्यांनी अमोनियाची एक बाटली ठेवली होती. पूर्वी मोठ्या दवाखान्यांत झटका आलेल्या पोरीच्या नाकाला अमोनियाचा बोळा लावायची पद्धत होती. पोरगी ठसकत उठली की नाटक सिद्ध झालं. काही नातेवाइकांना हे माहीत असायचं आणि ते म्हणायचे, "डॉक्टर, ते हुंगवाचं द्या ना, एका मिनिटात उठते." डॉक्टर लगेच कुलूप काढायचे. "देतो ना. पण दवाखान्याचा नियम हाये, आधी मागणाऱ्यानं हुंगाचं." एका गावच्या पुढाऱ्याने ऐटीत नाक पुढे केलं. नंतर तो बराच वेळ नळाखाली तोंड धरून उभा होता. त्यानंतर त्या गावातून कोणी अमोनिया मागितला नाही.

पण म्हणून सगळंच मनाचं असं ते कधी म्हणत नसत. उलट अंग तपासल्याशिवाय ते पुढे बोलतच नसत. नाटकी म्हणून शिक्का बसलेली एक कॉलेजची मुलगी त्यांनी त्याच दिवशी वर्ध्याला पाठवली, आणि तिला खरंच मिरगी निघाली. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यावर उगाचच राग काढला. राग जगावर होता, समोर मी होते.

एकदा पावसामुळे पेशंट नव्हते तेव्हा ते आपणहून बोलले. शिकत असताना त्यांच्या वॉर्डात पाय लुळा पडलेली एक मुलगी होती. मोठ्या सरांनी सगळ्या विद्यार्थ्यांना भोवती उभं केलं, लुळ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवला आणि तिला दुसरा, चांगला पाय जोर लावून उचलायला सांगितलं. चांगला पाय उचलताना लुळ्या पायाची टाच आपोआप खाली दाबली गेली. पायात जोर होता. सर म्हणाले, पाहा, पकडली! सगळी मुलं टाळ्या वाजवायला लागली.

"मी बी वाजवल्या," डॉक्टर म्हणाले. "तिनं चादर तोंडावर ओढून घेतली. नंतर घरचे लोक तिले घेऊन गेले. पुढं काय झालं, कधी समजलं नाई." एवढं बोलून ते संत्रं सोलत बसले, पण खाल्लं नाही.

पल्लवी आली ती सोयाबीनच्या दिवसांत. आष्टीकडची मुलगी, आर्वीजवळच्या खेड्यात दिलेली, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. नवऱ्याच्या मोटरसायकलवरून येताना गाडी घसरली, उजवा पाय मुरगळला. हाड मोडलं नव्हतं. पण पट्टी सोडली आणि पाय लुळाच राहिला. एक्स-रे झाले, वर्ध्याला मेंदूचा आणि मणक्याचा फोटो झाला, सगळं साफ. एक डॉक्टर म्हणाले काही नाही, मनाचं आहे. दुसरे म्हणाले नाटक आहे. तिसऱ्यांनी ते जुनं औषध दिलं, मूल होऊ द्या. घरच्यांनी ठरवलं होतं की दिवाळी झाली की तिला माहेरी पोहोचवून द्यायची. बरी होईपर्यंत, असं ते म्हणत. त्याचा अर्थ त्या खोलीत सगळ्यांना समजत होता, आणि सगळ्यात जास्त तिला.

तिचा नवरा गजानन वाईट माणूस नव्हता. त्याने तिला अक्षरशः उचलून आणलं होतं. पण तो थकला होता, आणि तिला आपण पाडलं ही बोच त्याला आतून खात होती. अशा माणसाला राग येतो, आणि तो चुकीच्या ठिकाणी निघतो. डॉक्टरांनी त्याच्या हातात विरामोलची चिठ्ठी दिली, तो निघाला. सासूबाईंना मी आत नेलं. मधल्या दाराला फक्त पडदा होता, म्हणून पुढचं मी ऐकलं.

डॉक्टरांनी तिला काही विचारलं नाही, नुसती खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सायेब, एक इचारू? खरं सांगसान?"

"सांगतो."

"सारेच म्हणतात का मी नाटक करून राह्यली. आता मले सोतालेच समजत नाई. मी खरंच तं नाटक नाई करत? मले मालूम नसताना?"

मी शेकाची दुसरी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. लोकांनी इतक्यांदा सांगितलं होतं की तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. मला रडू आलं, हे मी कबूल करते. डॉक्टर उत्तर देणार तोच बाहेरचं दार धाडकन उघडलं.

गजानन परत आला होता, फारच लवकर. झालं होतं असं की, कापूस बाजाराच्या वाटेवर पुलगावच्या एका माणसाने नवीन दुकान टाकलं होतं आणि त्याला आमच्या कटात घ्यायचं राहूनच गेलं होतं. त्या प्रामाणिक माणसाने चिठ्ठी वाचली, मोबाईलवर शोधलं आणि सांगून टाकलं की असं औषधच निघत नाही.

"मले येडा बनवता का?" गजाननचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "इकडं सोयाबीन शेतात उभं हाये, अन् मी दुकानं फिरून राह्यलो! ही बी नाटक करते, तुम्ही बी नाटक करता. चाल, उठ. घरी चाल. उद्याच तुले आष्टीले सोडून देतो."

मी पडदा सारून बाहेर आले. डॉक्टर उभे राहिले होते. त्यांना इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं.

"मी खोटं बोललो, गजानन," ते म्हणाले. "मी बोललो. ही पोरगी नाई बोलली. माह्यावर काय राग काढाचा तो काढ, पण जाच्या आधी एकदा इथं हात ठेव."

त्यांनी पल्लवीला टेबलावर निजवलं आणि गजाननचा हात तिच्या लुळ्या पायाच्या टाचेखाली ठेवला. स्वतः तिच्या डाव्या पायावर हात दाबून ते म्हणाले, "बाई, हा डावा पाय वर उचल. मी दाबतो, तू जोर लाव. उजव्याचा इचार बी नोको करू."

तिने जोर लावला. गजाननचे डोळे मोठे झाले. "दाबून राह्यली! टाच दाबून राह्यली, सायेब!" क्षणभर तो लहान पोरासारखा खूष झाला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे जोर हाये. म्हणजे... नाटकच हाये ना मंग?"

पल्लवीने ओढणी तोंडावर घेतली. माझ्या डोळ्यांसमोर ती चादर आली. डॉक्टरांच्याही आली असणार. मला वाटलं, झालं, संपलं. ज्या खुणेने पोरगी वाचायची त्याच खुणेने ती पकडली गेली.

"बस त्या स्टुलावर," डॉक्टर गजाननला म्हणाले. "बस लेका, मंग जा. उजवा पाय उचल. घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरव. हं, असा. फिरवत राह्य. आता उजवा हात उलट्या बाजूनं फिरव. पण पाय थांबला नाई पाह्यजे, अन् उलटा फिरला नाई पाह्यजे."

गजाननने हात फिरवला. पाय अडखळला आणि हाताबरोबर उलटा फिरू लागला. त्याने दात ओठ खाऊन पुन्हा सुरुवात केली. पाय पुन्हा उलटा.

"पाय कोनाचा हाये?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहा."

"शिरा चांगल्या हायेत? हाड मोडलं?"

"नाई."

"मंग ऐकून काऊन नाई राह्यला? नाटक करून राह्यला का तू?"

गजानन आपल्या पायाकडे बघत राहिला. तेवढ्यात सासूबाई गुडघ्याला शेकाची पिशवी बांधलेल्या अवस्थेत माझ्यामागून आल्या, खुर्चीत टेकल्या आणि त्यांनीही पाय फिरवून पाहिला. "अवं माय! हा तं ऐकतच नाई मेला!" बाहेरचे पेशंट पडदा धरून उभे होते, त्यांचेही पाय सुरू झाले. दवाखानाभर माणसं हवेत हात-पाय फिरवत होती आणि एकाचाही पाय मालकाचं ऐकत नव्हता. तेव्हा ओढणीच्या आतून हसण्याचा आवाज आला. सासूबाई म्हणाल्या की पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

डॉक्टरांनी तिची ओढणी बाजूला केली आणि हात पुढे केला. "अभिनंदन, बाई. तुह्या प्रश्नाचं उत्तर देतो. तू नाटक करत नाई. पाय शाबूत हाये, शिरा शाबूत हायेत, फक्त हुकूम जाचा रस्ता अडला हाये. पडली तेव्हा मेंदूनं पायाले जपाले घेतलं, अन् सोडाचं राहूनच गेलं. ध्यान देऊन उचलाले गेली का अडते, ध्यान दुसरीकडं असलं का चालते. ही खरी बिमारी हाये. अन् बरी होऊ शकते."

पल्लवीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मग ती मनसोक्त रडली. गजानन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. निर्णय शेवटी सासूबाईंनी दिला. "मले तसंबी गुडघ्यासाठी इथं याचंच हाये. हिलेबी घेऊन येत जाईन. आष्टीले काऊन धाडाचं?"

पुढचं काम माझं होतं, आणि ते काही जादूने झालं नाही. पल्लवीला पुढे चालता येत नव्हतं, पण उलटं, मागे मागे थोडं चालता यायचं. मग तेही अडायचं. पायाकडे पाहिलं की अडायचं. एक दिवस मी तिच्या कमरेला चादरीची ओटी बांधली, शेतात कापूस वेचताना बांधतात तशी, आणि पेशंट ज्या दोन आडव्या दांड्यांना धरून चालायला शिकतात त्यांवर दवाखान्यातल्या कापसाचे बोळे चिकटवून ठेवले. "वेच," म्हटलं. लहानपणापासून केलेलं काम. हात बोळ्यांकडे गेले, नजर हातांमागे गेली, आणि पाय मुकाट्याने ओळीतून सरकू लागले. डॉक्टर दारात येऊन उभे होते. सगळा कापूस वेचून झाल्यावर ते म्हणाले, "आता हे दुसऱ्या टोकापासून पेर," आणि नाक शिंकरत निघून गेले.

मध्ये वाईट दिवसही आले. पाय पुन्हा लोंबायचा, गजाननचं तोंड पडायचं. पण थंडी संपता संपता मी खिडकीतून पाहिलं, सासू-सून डेपोकडे निघाल्या होत्या. एक लंगडत होती, दुसरीने तिला दंडाला धरलं होतं. लंगडत होती ती सासू.

डॉक्टर आता नागपूरला मुलीकडे असतात. डोळे अधू झाले म्हणून दवाखाना माझ्याकडे आणि एका तरुण डॉक्टरणीकडे देऊन गेले. अमोनिया त्यांनी जायच्या आधी स्वतःच्या हाताने मोरीत ओतला. प्लॅस्टिकचं मॉडेल मला दिलं. ते टेबलावर एका जागी असतं, पण फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो, "आज कुठं भटकतंय?" मी म्हणते, "जागेवर आहे, सर." ते म्हणतात, "ते तं पयलेबी जाग्यावरच होतं वं."

मागच्या महिन्यात गजानन आला, गावातल्या एका माणसाला आणि त्याच्या बायकोला घेऊन. बाईची वाचा गेली होती. तरुण डॉक्टरीण तिला आत घेऊन गेली. मी मागच्या खोलीत काम करत होते. बाहेर तो माणूस तणतणत होता की काही झालं नाही हिला, नुसतं नाटक आहे. मी हातातलं काम ठेवून उठले. त्याला काय सांगायचं ते मनात जुळवत पडदा हातात धरला, तोच गजाननचा आवाज ऐकू आला.

"बस भाऊ. उजवा पाय उचल. फिरव गोल. हं. आता उजवा हात उलटा फिरव."

नंतर स्टूल करकरलं.

"काऊन बे, पाय ऐकून नाई राह्यला?" गजानन म्हणाला. "नाटक करून राह्यला का तू?"

मी पडदा सोडला आणि आत जाऊन कापसाचे बोळे करायला बसले.